विश्रांति दिलेल्या फुप्फुसाचा रोग

शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडलेली असे. हृदयाच्या पडद्यास जन्मतः असलेलें भोंक शिवून बंद केलेलें असे, टांके पक्के बसलेले असत, हृदय पुन्हां आपल्या आपण चालूं लागलेलें असे. रोगी शुद्धीवर येई, ओळखीच्या माणसाकडे पाही, दोन शब्द बोले. पुढें कांहीं तासांनीं त्याचा श्वास जलद होई, ओठ निळसर दिसूं लागत, नाकाशीं कितीहि प्राणवायु धरला तरी रक्त काळसरच राही आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं सर्व आटोपे. शवपरीक्षेंत हृदयाची डागडुजी जशीच्या तशी शाबूत आढळे. बिघडलेलीं असत तीं फुप्फुसें. स्पंजासारखीं हलकीं असावयाचीं तीं जड, काळपट, रक्तानें व द्रवानें भरलेलीं, हातास यकृतासारखीं घट्ट लागणारीं अशीं निघत. १९५५ नंतरच्या दहा वर्षांत पाश्चात्त्य देशांत हृदय उघडून शस्त्रक्रिया करूं लागलेल्या अनेक शस्त्रवैद्यांस असे प्रसंग पाहावे लागले. त्यांनीं या विकारास ‘पंप-फुप्फुस’ असें नांव दिलें.

या नांवांत एक विलक्षण विरोध सांठलेला आहे. ज्या यंत्रामुळें हें घडे त्याचें काम फुप्फुसांस त्रास देण्याचें नसून त्यांस रजा देण्याचें होतें. तासभर श्वासाचें ओझें यंत्रानें आपल्या शिरावर घ्यावें, हृदय व फुप्फुसें यांनीं स्वस्थ पडून राहावें, अशी ती योजना. ज्या अवयवास विश्रांति दिली तोच प्रथम आजारी कां पडावा? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत मोठमोठ्या वैद्यांचीं पंचवीस-तीस वर्षें गेलीं. त्या शोधाचा इतिहास वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय वैद्यकाचा खरा. परंतु ‘कारण’ म्हणजे काय, आणि तें सांपडलें असें केव्हां म्हणावें, या सर्वांच्याच विचाराच्या प्रश्नाशीं तो येऊन भिडतो.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊं. सर्व देहांतून फिरून आलेलें काळसर रक्त नीलांवाटे हृदयाच्या उजव्या बाजूस येतें. तेथून तें फुप्फुसांत जातें, प्राणवायु घेऊन तांबडें होतें, डाव्या बाजूस उतरतें आणि रोहिणींवाटे पुन्हां देहभर जातें. शस्त्रवैद्यास हृदयाच्या आंत काम करावयाचें तर तें रिकामें हवें. पण रक्त थांबलें कीं चार-पांच मिनिटांत मेंदूस कायमची इजा होऊं लागते. यासाठीं नीलांतील रक्त हृदयाशीं पोंचण्यापूर्वींच बाहेर नळींत घ्यावयाचें, यंत्रांत त्यास प्राणवायु पाजावयाचा आणि पंपानें तें रोहिणींत परत ढकलावयाचें, अशी युक्ति निघाली. इंद्रियांस कृत्रिम रीतीनें रक्त पुरविलें तर तीं जिवंत ठेवतां येतील, ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ ल गाल्वा यानें १८१२ सालींच मांडली होती. १८८५ त लाइपझिग येथें फॉन फ्रे व ग्रूबर यांनीं फिरत्या नळकांड्याच्या आंतल्या अंगास रक्ताचा पातळ थर पसरून त्यास प्राणवायु देण्याचें यंत्रहि रचलें. पण रक्त देहाबाहेर येतांच गोठतें, ही अडचण होती. १९१६ सालीं बाल्टिमोर येथें प्रोफेसर हॉवेल यांच्या प्रयोगशाळेंत जे मॅक्लीन या विद्यार्थ्यास रक्त गोठूं न देणारें द्रव्य सांपडलें. पुढें ‘हेपारिन’ या नांवानें प्रसिद्ध झालेल्या या द्रव्यामुळें यंत्राची वाट मोकळी झाली.

त्या वाटेनें निघालेला पहिला चिकाटीचा प्रवासी म्हणजे डॉ. जॉन गिबन. १९३०-३१ च्या सुमारास बोस्टनच्या रुग्णालयांत हा तरुण वैद्य एका स्त्रीच्या उशाशीं रात्रभर बसून होता. तिच्या फुप्फुसाच्या मोठ्या रोहिणींत रक्ताची गांठ अडकली होती. तिच्या नीला फुगत चालल्या होत्या व रक्त काळें पडत होतें. तें काळें रक्त थोडें बाहेर काढून, तांबडें करून, गांठीस वळसा घालून देहांत परत सोडतां आलें असतें तर! सकाळीं शस्त्रक्रिया करून गांठ काढली, पण ती स्त्री वांचली नाहीं. हृदय-फुप्फुस-यंत्राचा जन्म असा फुप्फुसाच्याच दुखण्यांतून झाला, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. गिबन व त्यांची सहधर्मचारिणी मेरी यांनीं मांजरांवर प्रयोग चालविले. १९३५ त फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी पूर्ण बंद करून त्यांनीं मांजर यंत्रावर जगविलें. फिलाडेल्फिया येथें ६ मे १९५३ रोजीं एका अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयांतील भोंक त्यांनीं बंद केलें, तेव्हां २६ मिनिटें तिचें सर्व रक्ताभिसरण यंत्रानें चालविलें होतें. ती बरी होऊन घरीं गेली. परंतु त्याच वर्षीं पुढील दोन बालरोगी दगावले आणि गिबन यांनीं यंत्राचा वापर आपण होऊन थांबविला.

तें काम मिनेसोटा प्रांतांत पुढें चाललें. मिनिआपोलिस येथें डॉ. लिलेहाय यांनीं मार्च १९५४ पासून यंत्रावांचूनच एक धाडसी तोड काढली होती. मुलाच्या देहाशीं त्याच्या बापाचें वा आईचें रक्ताभिसरण जोडून द्यावयाचें आणि मोठ्या माणसाच्या फुप्फुसांनीं दोघांचा श्वास चालवावयाचा. अशा ४५ शस्त्रक्रिया झाल्या व २८ मुलें घरीं गेलीं. १९५५ त त्यांचेच सहकारी डॉ. ड्वॉल यांनीं साध्या प्लास्टिकच्या नळ्यांचें, रक्तांत प्राणवायूचे बुडबुडे सोडणारें स्वस्त यंत्र तयार केलें. त्याच वसंतांत नव्वद मैलांवरील रॉचेस्टर गांवीं मेयो क्लिनिकांत डॉ. जॉन कर्कलिन यांनीं गिबनच्या यंत्रांत सुधारणा करून शस्त्रक्रिया सुरू केल्या. तेथून ही विद्या जगभर पसरली, आणि तिच्या मागोमाग सुरुवातीस वर्णिलेला विकारहि पसरला.

पहिला संशय साहजिकच बुडबुड्यांवर आला. रक्तांत वायु घुसळला कीं फेंस येतो. तो मोडण्यासाठीं सिलिकोनचा लेप वापरीत. एखादा बुडबुडा वा त्या लेपाचा कण निसटला तर बारीक वाहिनींत अडकून पुढील मार्ग बंद करणार हें उघड होतें. हें कारण खोटें नव्हतें. त्यापायीं मेंदूस इजा झालेले रोगी होते. पण फुप्फुसांच्या बाबतींत एक शंका उरे. यंत्रांतून निघालेलें रक्त आधीं देहांत जातें. फुप्फुसाच्या दारावरून तर त्यास वळविलेलेंच असतें. मग मेंदूस चुकवून बुडबुड्यांनीं नेमकीं फुप्फुसेंच कां गांठावीं? शिवाय ज्या यंत्रांत बुडबुडे नसून केवळ पातळ थरावर वायु फिरविला जाई, त्यांवरील रोगीहि याच विकारानें आजारी पडत.

दुसरें कारण शरीराच्या नळकामांत सांपडलें. फुप्फुसांस रक्त दोन वाटांनीं मिळतें. मोठी वाट हृदयाच्या उजव्या बाजूकडून येते. दुसरी अगदीं लहान. ती मुख्य रोहिणींतून फुटते आणि श्वासनलिकांचें पोषण करते. यंत्र चालू असतांना मोठी वाट बंद असली तरी लहान वाट वाहतच राहते आणि तिचें रक्त हळूहळू हृदयाच्या डाव्या बाजूस सांठतें. हृदय थांबलेलें; तें रक्त पुढें ढकलणार कोण? डावी बाजू फुगते, तिचा दाब उलट फुप्फुसांकडे चढतो आणि नाजूक केशवाहिन्यांतून द्रव वायुकोशांत पाझरतो. डॉ. कोल्फ व त्यांच्या क्लीव्हलंड येथील सहकाऱ्यांनीं १९५८ त फुप्फुसांच्या या उपद्रवांवरच एक स्वतंत्र लेख लिहिला. उपाय सोपा होता: हृदयाच्या डाव्या बाजूस एक नळी घालून सांठणारें रक्त बाहेर काढीत राहावें. ही नळी घालण्याची चाल पडली आणि पुष्कळ जीव वांचले. तरीहि, दाब मुळींच चढूं न दिलेल्या कांहीं रोग्यांस तोच विकार होई.

कोल्फ यांचें नांव आलेंच आहे, तर थोडें विषयांतर करतों. त्याचें प्रयोजन पुढें कळेल. हे मूळचे हॉलंडचे. जर्मन फौजांनीं देश व्यापला असतांना कांपेन या गांवीं, मिळेल त्या सामानांतून, सेलोफेनच्या लांब नळ्या लाकडी पिंपाभोंवतीं गुंडाळून त्यांनीं कृत्रिम मूत्रपिंड बनविलें आणि १९४३ त तें रोग्यांवर वापरण्यास आरंभ केला. सेलोफेनमधून फिरतांना काळें रक्त तांबडें होतें, हें त्यांच्या नजरेंतून सुटलें नाहीं. पुढें अमेरिकेंत गेल्यावर त्यांनीं याच निरीक्षणावरून पातळ पडद्याचें कृत्रिम फुप्फुस बनविण्याचा उद्योग केला. कृत्रिम मूत्रपिंड व कृत्रिम फुप्फुस हीं एका घरचीं भावंडें आहेत, एवढें येथें सांगून ठेवतों.

तिसरा संशय परक्या रक्तावर गेला. सुरुवातीचीं यंत्रें एवढीं अवाढव्य असत कीं तीं भरण्यासच दात्यांचें रक्त बाटल्यांमागून बाटल्या ओतावें लागे. रक्ताचा गट जुळला म्हणून तें आपलें होत नाहीं. १९६२ त गॅडबॉइज, स्लोनिम व लिटवाक यांनीं परक्या रक्तामुळें होणाऱ्या विकारास स्वतंत्र नांवच दिलें. त्याच्या आधीं, १९६० सालीं, बेरूतमध्यें जन्मलेले डॉ. नाझीह झुहदी यांनीं ओक्लाहोमा येथें रक्ताऐवजीं साखरेच्या पाण्यानें यंत्र भरून दाखविलें. रोग्याचें रक्त त्यामुळें पातळ होई, पण परकें रक्त फारच थोडें लागे, आणि शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसें पूर्वींपेक्षां चांगलीं राहत. कोठल्याहि नव्या द्रव्यानें साधलें नव्हतें तें केवळ एक जिन्नस वगळल्यानें साधलें.

याच सुमारास दोन अधिक बारीक गोष्टी उघडकीस आल्या. ओरेगॉन येथील मज्जातंतुवैद्य डॉ. स्वँक यांनीं १९६१ त दाखविलें कीं सांठविलेल्या रक्तांत तंतुकणिका व श्वेतपेशी एकमेकींस चिकटून त्यांचे सूक्ष्म गोळे बनतात. तें रक्त बारीक जाळींतून सहज जात नाहीं. आपल्या देहांत अशी जाळी कोठली, तर फुप्फुसांची! सर्व नीलांचें रक्त त्याच गाळणींतून जातें. त्याच वर्षीं डॉ. ली व त्यांचे सहकारी यांनीं सांगितलें कीं रक्त व वायु यांचा उघडा संयोग होतो तेथें रक्तद्रवांतील प्रथिनें विकृत होतात, जसें अंडें फेंटलें असतां त्याचा बलक पुन्हां पूर्ववत् होत नाहीं. यांवर उपाय म्हणून नळींत गाळणी आल्या, आणि रक्त व वायु यांमध्यें पडदा ठेवणारीं यंत्रें हळूहळू पुढें आलीं.

चौथा शोध फुप्फुसाच्या आंतला. वायुकोश हे पाण्यानें ओले झालेले अतिसूक्ष्म फुगे आहेत. पाण्याचा स्वभाव आकसण्याचा. त्यामुळें ते मिटूनच जावयाचे. ते मिटत नाहींत, कारण त्यांच्या आंतल्या अंगास साबणासारख्या गुणाच्या द्रव्याचा, सर्फॅक्टंटचा, एक पापुद्रा असतो. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांत त्याची उणीव असते म्हणून तीं श्वासावांचून दगावतात, हें डॉ. मेरी एलन अ‍ॅव्हरी व डॉ. मीड यांनीं १९५९ त दाखविलें. १९६४ त मँडेलबॉम व जियामोना यांनीं हाच धागा यंत्रावरील फुप्फुसांपर्यंत आणून भिडविला. पण हें आजाराचें कारण म्हणावें कीं आजाराचें फळ? पापुद्रा नाहींसा झाला म्हणून द्रव आंत आला, कीं द्रव आला म्हणून पापुद्रा धुऊन गेला? बीज आधीं कीं वृक्ष आधीं, हा जुना वाद येथेंहि उभा राहिला.

इतक्यांत दुसरीकडून एक धक्का बसला. १९६७ त अ‍ॅशबॉ, पेटी व त्यांचे सहकारी यांनीं बारा रोग्यांची हकीगत प्रसिद्ध केली. कोणास अपघात झालेला, कोणास जंतुदोष, कोणाचा स्वादुपिंड सुजलेला. पण सर्वांचीं फुप्फुसें सारख्याच तऱ्हेनें जड व घट्ट झालेलीं. आणि मुख्य गोष्ट अशी कीं या विकारासाठीं त्यांस कोणत्याहि पंपाची गरज पडली नव्हती. तेव्हां ‘पंप-फुप्फुसा’चें कारण केवळ पंपांत शोधणें पुरेसें नव्हतें. अनेक निरनिराळ्या आघातांस फुप्फुस एकच उत्तर देतें, मग तें उत्तर कोणाच्या हातून लिहिलें जातें हें पाहणें भाग होतें.

तो हात अखेर त्या दुसऱ्या भावंडाच्या घरीं दिसला. कृत्रिम मूत्रपिंडावर रोग्यास लावलें कीं पहिल्या कांहीं मिनिटांतच त्याच्या रक्तांतील श्वेतपेशी एकदम कमी होतात, आणि पुढें तासा-दोन तासांत परत येतात, असें १९६८ पासून नमूद झालें होतें. मधल्या वेळांत त्या जातात कोठें? १९७७ त मिनेसोटा विद्यापीठांत डॉ. क्रॅडक, डॉ. जेकब व त्यांचे सहकारी यांनीं याचा छडा लावला. त्यांनीं जनावराचा नुसता रक्तद्रव सेलोफेनच्या संगतींत ठेवला व तो त्याच जनावरास परत टोंचला. यंत्र नाहीं, पंप नाहीं, बुडबुडे नाहींत, परकें रक्तहि नाहीं. तरी श्वेतपेशी रक्तांतून नाहींशा झाल्या आणि फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत गर्दी करून बसलेल्या सांपडल्या.

घडतें तें असें. रक्तद्रवांत ‘कॉम्प्लिमेंट’ नांवाचीं कित्येक प्रथिनें निद्रिस्त असतात. जंतूचा परका पृष्ठभाग लागला कीं त्यांतील एक जागें होतें, तें दुसऱ्यास उठवितें, दुसरें तिसऱ्यास. गांवांत चोर शिरल्यावर एका घरच्या हाकेनें आळीच्या आळी जागी व्हावी तसें. त्या हाकेसरशीं श्वेतपेशी, म्हणजे या गांवचे जागले, काठ्या सरसावून निघतात. आतां श्वेतपेशी फुप्फुसाच्या पुष्कळशा केशवाहिन्यांहून रुंद असते; एरव्हीं ती अंग चोरून कशीबशी निघून जाते. खवळलेली पेशी ताठर व चिकट होते आणि तेथेंच अडकते. तेथें ती आपलीं दाहक द्रव्यें सोडते. केशवाहिनीची भिंत झिरपूं लागते. वायुकोशांत द्रव भरतो. प्लास्टिक म्हणजे जंतु नव्हे, हें रक्तास कळण्याचा मार्ग नाहीं. परकें तेवढें शत्रु, एवढेंच तें जाणतें.

१९८१ त चेनोवेथ व त्यांचे सहकारी यांनीं हृदय-फुप्फुस-यंत्रावरील रोग्यांच्या रक्तांत हींच जागृत द्रव्यें मोजलीं. १९८३ त निघालेल्या एका निबंधांत, हीं द्रव्यें जितकीं अधिक तितके शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रव अधिक, असा संबंध दाखविला आहे. त्या निबंधाच्या लेखकांत पहिलें नांव आहे जेम्स कर्कलिन यांचें, आणि पुढें आहे जॉन कर्कलिन यांचें. जेम्स हे जॉन यांचे चिरंजीव. १९५५ त ज्यानें हें यंत्र मेयो क्लिनिकांत चालू केलें, त्यानें अठ्ठावीस वर्षांनंतर मुलाच्या जोडीनें त्याच्या दोषाचा पाढा वाचला. वैद्यकाच्या इतिहासांत याहून सुंदर प्रसंग आम्हांस थोडे आठवतात.

मग पूर्वींचे शोध चुकीचे होते काय? मुळींच नाहीं. हृदयाची डावी बाजू फुगली तर आजहि फुप्फुसें भरतात. परकें रक्त आजहि तापदायक ठरतें. त्यांत अलीकडे आणखी एक गोष्ट नीट ध्यानांत आली आहे. यंत्रावर असतांना फुप्फुसांची विश्रांति ही खरी विश्रांति नसून उपासमार असते. मोठी वाट बंद, केवळ श्वासनलिकांच्या त्या लहान वाटेचें रक्त. वायुकोश हवेवांचून मिटलेले. आमच्या नैयायिकांनीं घटाचें उदाहरण घेऊन सांगितलें आहे कीं कुंभार व त्याचें चाक हें निमित्तकारण, आणि माती हें समवायी कारण. पंचवीस वर्षें शस्त्रवैद्य निमित्तें शोधीत होते: बुडबुडा, दाब, बाटली, गोळा. प्रत्येक निमित्त खरें होतें आणि तें दूर केल्यानें कांहीं रोगी वांचले. पण माती होती ती रक्ताच्या व फुप्फुसाच्या स्वभावांत. यंत्र रचणारांनीं रक्तास वाहून नेण्याचा माल समजलें होतें. तें तर एक जागरूक, ओळखणारें, रागावणारें इंद्रिय निघालें. आणि त्याच्या रागाचा पहिला घाव फुप्फुसावर बसतो, कारण सर्व नीलांचें रक्त ज्या अरुंद गल्ल्यांतून जातें त्या तेथेंच आहेत.

म्हणूनच हा विकार कमी करतां आला, समूळ उपटतां आला नाहीं. आजचीं यंत्रें लहान आहेत. पोकळ तंतूंच्या पडद्यांतून रक्तास प्राणवायु मिळतो. नळ्यांस हेपारिनचा लेप देतात. रक्तांतील अतिरिक्त पाणी गाळून काढतात. परकें रक्त होईल तितकें टाळतात. सुरुवातीस वर्णिलेला भयंकर प्रकार त्यामुळें विरळा झाला आहे. तरी शस्त्रक्रियेनंतर कांहीं दिवस रक्तांतील प्राणवायु थोडा उतरणें ही आजहि नित्याची गोष्ट आहे. यंत्राशिवाय, चालत्या हृदयावर शस्त्रक्रिया केली तरी ती पुरती टळत नाहीं. छाती उघडणें व गुंगीचें औषध यांचाहि तींत वांटा असतो.

आम्हांस या इतिहासांत सर्वांत अधिक मोलाचें वाटतें तें दुसरेंच. हृदय नीट शिवलें गेलें होतें. ‘शस्त्रक्रिया यशस्वी झाली, पुढें रोग्याचें दैव’ असें म्हणून हात झाडणें त्या शस्त्रवैद्यांस सहज शक्य होतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. आपल्याच हातून गेलेल्या रोग्यांच्या फुप्फुसांचें वजन त्यांनीं केलें, काप सूक्ष्मदर्शकाखालीं घातले आणि जें दिसलें तें छापून प्रसिद्ध केलें. गिबन यांनीं आपल्या बावीस वर्षांच्या तपश्चर्येचें यंत्र दोन मुलांच्या मृत्यूनंतर बाजूस ठेवलें, तो त्याच वृत्तीचा दुसरा प्रकार होय. आज जो रोगी शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशीं उशीस टेकून बसतो व मोकळा श्वास घेतो, त्याच्या त्या श्वासांत या प्रामाणिक नोंदींचा आणि ज्यांच्या त्या नोंदी आहेत त्या न वांचलेल्या रोग्यांचा वांटा आहे.